येताना जुनं, जाताना नवं: एका लाइव्ह लिनक्सच्या नामांतराचं प्रकरण

पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं आणि पडद्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीचं चिन्ह आलं. जे काढण्यासाठी दोन आठवडे घालवले होते, नेमकं तेच. पुढे डेस्कटॉप उघडला, तर तिथे नवं चित्र आणि नवं नाव. मशीन बंद करायला सांगितलं, तर पडदा काळा होण्याआधी क्षणभर नवं चिन्ह झळकून गेलं. म्हणजे येताना जुनं आणि जाताना नवं. आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर चढवायची अख्ख्या प्रणालीची प्रत, ज्यानं बनवली होती तो मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "सर, मी फाइल तीनदा तपासलीय. नवीनच आहे."

फाइल नवीनच होती. पण तशा फाइली दोन होत्या, आणि त्यानं तपासली होती त्यातली एकच.

आधी प्रकरण काय होतं ते सांगतो. एका प्रशिक्षण देणाऱ्या गटाची स्वतःची लाइव्ह लिनक्स प्रणाली होती. पाया डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, आणि वर एक्सएफसीई डेस्कटॉप. पेनड्राइव्हवरून थेट चालायची, आणि कुणाला आवडलीच तर कॅलामारेस या इन्स्टॉलरनं डिस्कवरही बसवता यायची. ज्यानं ती मुळात उभी केली तो केव्हाच सोडून गेला होता. मागे ठेवली होती ती एक आयएसओ आणि 'सगळं आतच आहे' असा निरोप. मग गटाचं नाव बदललं आणि प्रणालीचंही बदलायचं ठरलं. खरं नाव इथे महत्त्वाचं नाही, आपण तिला 'कंदील' म्हणू. काम सांगितलं गेलं ते असं: "फक्त नाव आणि लोगो बदलायचाय." 'फक्त' ऐकला की मी हल्ली वही उघडतो.

दोन इनिटआरडी

लाइव्ह आयएसओ उघडून पाहिली तर आत कामाच्या चारच गोष्टी असतात. मशीन उठवणारा बूटलोडर, प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल, इनिटआरडी नावाची छोटी तात्पुरती फाइलप्रणाली, आणि स्क्वॅशएफएसची एक भली मोठी दाबून बसवलेली फाइल. या शेवटच्या फाइलमध्ये संपूर्ण प्रणाली असते. ती फक्त वाचता येते. तिच्यावर रॅममधला एक लिहिता येणारा थर पसरतात, त्यामुळे वापरणाऱ्याला सगळं नेहमीसारखंच वाटतं. मशीन बंद केलं की तो थर पुसला जातो. हे थर रचायचं काम आज ओव्हरलेएफएस करते. ती २०१४ साली कर्नल ३.१८ मध्ये आली. त्याआधी हे काम कर्नलबाहेरचे पॅच लावून भागवावं लागे.

मशीन उठताना सर्वात आधी जागी होते ती इनिटआरडी. बूटच्या वेळी चिन्ह दाखवणारा प्लिमथ हा प्रोग्राम तिच्याच पोटातून चालतो, कारण तोवर मोठी फाइल जोडलेलीच नसते. बंद होताना मात्र प्लिमथ मुख्य प्रणालीतून उठतो. आता मुलानं काय केलं होतं ते पाहा. त्यानं स्क्वॅशएफएस उलगडली, सीएचरूट करून, म्हणजे त्या फोल्डरलाच चालती प्रणाली मानून, आत शिरला आणि प्लिमथची थीम बदलली. त्या आज्ञेनं इमानेइतबारे नवी इनिटआरडी तयारही केली, पण ती उलगडलेल्या प्रणालीच्या 'बूट' फोल्डरमध्ये. मग त्यानं सगळं परत दाबून बंद केलं. आयएसओच्या 'लाइव्ह' फोल्डरमध्ये कर्नलच्या शेजारी दुसरी इनिटआरडी बसलेली असते, आणि बूटलोडर उचलतो ती हीच. तिला कुणी हातच लावला नव्हता.

उपाय एका ओळीचा होता: आतली इनिटआरडी बाहेर कॉपी करा. पण मी तो केला नाही. कारण त्याच्या वहीत आतापर्यंत केलेल्या बदलांची यादी होती आणि तिच्यातली पाचवी ओळ वाचून मी खुर्ची जवळ ओढली.

पाचवी ओळ

ओळ अशी: 'इटीसीमध्ये सगळीकडे डेबियन शोधून कंदील केलं.'

इटीसी म्हणजे प्रणालीच्या मांडणीच्या फाइलींचं फोल्डर. बदल केला तो एका आज्ञेत. ग्रेपनं शोधायचं, सेडनं बदलायचं. असा मोह होतो, मलाही एकेकाळी झालेला आहे. परिणाम लगेच दिसत नाहीत, ही त्यातली खरी गोम. प्रणाली उठते, डेस्कटॉप येतो, ब्राउझर चालतो. मग कुणीतरी पॅकेज बसवायला जातं आणि ते उतरवून आणणारं एपीटी म्हणतं, असा सर्व्हरच सापडत नाही. कारण पॅकेज-स्रोतांच्या यादीत 'डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग' होतं, त्याचं आता 'डेब डॉट कंदील डॉट ऑर्ग' झालं होतं. असा पत्ता जगात कुठेच नव्हता.

आणि गंमत अशी, की जी फाइल बदलायलाच हवी होती तीच सुटली होती. प्रणालीचं अधिकृत नाव 'ओएस-रिलीज' या फाइलमध्ये असतं. इटीसीमध्ये दिसते ती नुसती लिंक, खरी फाइल 'यूएसआर'च्या खाली 'लिब' फोल्डरमध्ये. ग्रेप फोल्डर खणत जातो तेव्हा वाटेत भेटलेल्या लिंका ओलांडून पुढे सरकतो. त्यामुळे बाकी सगळीकडे डेबियनचं कंदील झालं, आणि नाव विचारलं की प्रणाली शांतपणे सांगत होती: डेबियन.

तेव्हा त्याला मी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. प्रणालीत जुनं नाव दोन कामांसाठी लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ती पाटी असते: माणसानं वाचावी म्हणून लावलेली, बदलली तर कुणाचं काही अडत नाही. काही ठिकाणी ती किल्ली असते: दुसरा एखादा प्रोग्राम तेच अक्षर-न्-अक्षर धरून कुठलं तरी कुलूप उघडत असतो. पाटी रंगवायची आणि किल्लीला हात लावायचा नाही. अडचण इतकीच, की दोन्ही दिसतात सारख्या.

मग आम्ही एक साधी टेक्स्ट फाइल केली. जुनं नाव जिथे जिथे सापडेल तिथली एक ओळ, पुढे 'पाटी' किंवा 'किल्ली', आणि किल्ली असेल तर ती कुणाची. पहिल्याच दिवशी तिसरी जात निघाली. पॅकेजांच्या कागदपत्रांमध्ये हजारो ठिकाणी डेबियन आहे, आणि त्यातले बरेच उल्लेख कॉपीराइटच्या फाइलींमधले. ती सही आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामाखालची सही खोडून तिथे आपलं नाव लिहायचं नसतं, आणि जीपीएलसारखे परवाने ते करूही देत नाहीत. नशीब, सेडचा नांगर इटीसीच्या बांधापर्यंतच चालला होता.

आयएसओ टाकून दिली

हातानं उलगडून, आत शिरून, परत दाबून केलेली प्रणाली म्हणजे कृती न लिहिता केलेला पदार्थ. जमला तर जमला, पण पुन्हा तसाच होईल याची खात्री नाही. शिवाय बनवणाऱ्याचे बोटांचे ठसे आत राहतात. या आयएसओत ते शब्दशः सापडले. 'मशीन-आयडी' नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक मशीनची स्वतंत्र अशी ३२ अक्षरांची ओळख असते. इथे मूळ बनवणाऱ्याच्या मशीनची ओळख स्क्वॅशएफएसमध्ये भाजून पक्की झाली होती, म्हणजे पेनड्राइव्हवरून उठणारं प्रत्येक मशीन स्वतःला तेच एक मशीन समजत होतं. दुरून मशीनमध्ये शिरू देणाऱ्या एसएसएचच्या सर्व्हर किल्ल्यांचीही तीच गत. त्या तर खऱ्याखुऱ्या किल्ल्या, आणि आयएसओ उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्यांची प्रत. मशीन-आयडीची फाइल रिकामी, शून्य बाइटची ठेवायची असते. पहिल्या बूटला प्रणाली स्वतःची ओळख तयार करते.

म्हणून ठरवलं की जुनी आयएसओ फक्त बघायला ठेवायची आणि नवी लाइव्ह-बिल्डनं मुळापासून बांधायची. लाइव्ह-बिल्ड हे डेबियनचं स्वतःचं साधन आहे. डेबियन लाइव्ह हा प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला, आणि काली व टेल्स या दोन्ही नावाजलेल्या प्रणाली आजही याच्याच आधारानं बांधतात. यात आयएसओ ही मुख्य वस्तू नसतेच. मुख्य असतं ते एक फोल्डर: कोणती पॅकेजं हवीत त्यांची यादी, कोणत्या फाइली जशाच्या तशा आत ठेवायच्या ते, बांधताना आतून चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट म्हणजे हुक, आणि बूटलोडरची मांडणी. हे फोल्डर बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ठेवायचं. 'एलबी बिल्ड' म्हटलं की त्यातून आयएसओ निघते, आणि ती हरवली तरी रडायचं कारण नाही. मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या पुसणारे हुक त्यात आधीपासूनच असतात.

लाइव्ह-बिल्डच्या दोन खोडी मात्र आधीच सांगून ठेवतो, आमची एक अख्खी दुपार त्यांनी खाल्ली. पहिली: फाइलच्या नावाचा शेवट ठरल्याप्रमाणे नसेल तर ते तक्रार करत नाही, फाइल नाहीच असं समजून पुढे जातं. आमची पॅकेजांची एक यादी अशीच बाहेर राहिली. दुसरी: एकदा पूर्ण झालेला टप्पा ते पुन्हा करत नाही. बदल केला, परत बांधलं, बदल दिसेना. 'एलबी क्लीन' करून मग बांधायचं असतं. उतरवलेली पॅकेजं त्यानं जात नाहीत, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

नाव कुठे लिहायचं

पहिल्या फेरीत आम्ही सरळ मार्ग धरला. नवी ओएस-रिलीज फाइल लिहिली, 'जशाच्या तशा ठेवायच्या' फोल्डरात टाकली, बांधलं. नाव विचारलं, कंदील आलं. सगळे खूश.

मी एक आगाऊपणा करून ठेवला होता. डेबियनचं एक संग्रहालय आहे, स्नॅपशॉट नावाचं, जिथे पॅकेजांचं भांडार जुन्या तारखांना जसं होतं तसं जपून ठेवलेलं असतं. त्यातली काही महिन्यांपूर्वीची तारीख धरून एक आयएसओ बांधली, ती व्हर्च्युअल मशीनमध्ये इन्स्टॉल केली, मग स्रोत आजच्या भांडाराकडे वळवून सगळं अपग्रेड केलं. काही महिने वापरल्यावर वापरणाऱ्याचं काय होईल ते अर्ध्या तासात बघायला मिळतं. नामांतर करणाऱ्या प्रत्येकानं ही चाचणी करावी असं माझं ठाम मत आहे, बाकीच्या दहा चाचण्या सोडल्या तरी चालतील.

अपग्रेड झालं, पुन्हा नाव विचारलं. डेबियन.

कारण ओएस-रिलीज ही 'बेस-फाइल्स' या पॅकेजची मालमत्ता आहे. त्याच पॅकेजमध्ये 'डेबियन-व्हर्जन' नावाचीही फाइल असते, आणि तिच्यात १२.४, १२.५ असा आकडा असतो. त्यामुळे डेबियनचं प्रत्येक पॉइंट रिलीज, म्हणजे मधली दुरुस्ती-आवृत्ती, निघालं की बेस-फाइल्स नवं येतंच. ते येताना आपली फाइल जागेवर ठेवतं, आणि दुसऱ्याच्या जागेत लावलेली आमची पाटी उतरते.

मोठे प्रकल्प यावर स्वतःचं बेस-फाइल्स पॅकेज बांधतात. पण मग दर पॉइंट रिलीजला ते नव्यानं बांधायचं आणि स्वतःच्या भांडारातून पुरवायचं हे आलंच, आणि एकदा चुकलं तर प्रणालीच्या पायातलं पॅकेज मागे राहतं. दोन-तीन माणसांच्या गटानं हे ओझं घेऊ नये. पॅकेजं प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीकडे यासाठी जुनी, जराशी विसरली गेलेली सोय आहे: डायव्हर्ट. एखाद्या फाइलपुरतं डीपीकेजीला सांगून ठेवता येतं की या नावानं पॅकेजमधून जे येईल ते शेजारी दुसऱ्या नावानं ठेव, मूळ जागा माझी. आम्ही 'कंदील-ब्रँडिंग' असं छोटं पॅकेज केलं. बसताना ते डायव्हर्ट लावतं आणि आपली ओएस-रिलीज ठेवतं, काढून टाकलं की डायव्हर्ट उठवून जुनं परत जागेवर आणतं. थीम, चित्रं, इन्स्टॉलरचा पोशाख, सगळं त्याच पॅकेजमध्ये गेलं. पुढे लोगो बदलला तर नवी आयएसओ वाटत बसायला नको, पॅकेजची नवी आवृत्ती दिली की झालं.

आता त्या फाइलमध्ये नेमकं काय लिहायचं? इथे पाटी आणि किल्ली एकाच कागदावर आहेत. 'नेम' आणि 'प्रिटी-नेम' या ओळी माणसासाठी. 'आयडी' ही ओळ प्रोग्रामांसाठी, छोट्या अक्षरांत, बिनजागेची. पुस्तकी नियमानं वेगळ्या प्रणालीनं आपली आयडी वेगळी ठेवावी आणि 'आयडी-लाइक' या ओळीत पूर्वजाचं नाव द्यावं. आम्ही पहिल्यांदा तसंच केलं: आयडी कंदील, आयडी-लाइक डेबियन.

मग बाहेरचं भांडार जोडायची आज्ञा चालवली, तर ती म्हणाली, कंदीलसाठी वितरणाचा साचाच सापडत नाही. बाहेरच्या बऱ्याच इन्स्टॉल स्क्रिप्टही आयडीची ओळ वाचतात, ओळखीची नावं ताडून बघतात, आणि जुळलं नाही की हात वर करतात. आयडी-लाइक वाचायची तसदी सगळे घेत नाहीत. नियम आपल्या बाजूनं असूनही वापरणारा अडतो तो अडतोच.

इथे आमच्यात वाद झाला. मुलाचं म्हणणं, नाव बदलायचं तर पुरतं बदलायचं. माझं म्हणणं, आपली सगळी पॅकेजं थेट डेबियनच्या भांडारातून येतात, एकही आपण नव्यानं बांधत नाही. मग प्रोग्रामनं विचारल्यावर 'मी डेबियन १२' असं सांगणं खोटं कसं? शेवटी आयडी डेबियनच ठेवली, सांकेतिक नाव बुकवर्म ठेवलं, माणसाच्या ओळींत कंदील लिहिलं आणि 'व्हेरियंट-आयडी' या ओळीत आपली वेगळी ओळख दिली. ही ओळ त्याच कामासाठी आहे, फारसं कुणी वापरत नाही इतकंच. दोषनोंदीचा पत्ताही आमचा घातला, कारण आम्ही केलेल्या गोंधळाची तक्रार डेबियनच्या दारात जाऊ नये.

ईएफआयचं फोल्डर

तोपर्यंत नव्या आयएसओच्या सगळ्या चाचण्या व्हर्च्युअल मशीनमध्ये झाल्या होत्या. खऱ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हनं लाइव्ह प्रणाली छान उठली, इन्स्टॉल शेवटपर्यंत गेलं, 'पूर्ण झालं' असा संदेश आला. पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा, वर एक ओळ आणि तिच्याखाली 'ग्रब' आणि एक टोकदार कंस. मेनू नाही, चूक सांगणारा संदेश नाही. ग्रब हा बूटलोडर उठला होता, पण पुढे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

व्हर्च्युअल मशीन जुन्या बायोस पद्धतीनं उठत होतं, म्हणून तिथे हे कधी दिसलं नाही. लॅपटॉप यूईएफआय या नव्या पद्धतीचा होता. यूईएफआयवर बूटलोडर एका छोट्या फॅट विभाजनात असतो, 'ईएफआय' फोल्डरच्या आत प्रत्येक प्रणालीचं आपापलं फोल्डर. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप उठवला आणि ते विभाजन जोडून पाहिलं. फोल्डर होतं 'कंदील'. आत ग्रबच्या आधी चालणारा शिम, ग्रब, आणि ग्रबची छोटी मांडणी-फाइल, तिघं शहाण्यासारखे शेजारी बसलेले.

मग ग्रबला शेजारची फाइल का दिसू नये? कारण सहीचेच बूटलोडर चालू देणाऱ्या सिक्युअर बूटसाठी डेबियन जो ग्रब देतं तो डेबियनच्या सहीचा असतो, आणि मांडणी कुठे शोधायची ती वाट सही करायच्या आधीच त्याच्या पोटात कोरलेली असते: ईएफआय, मग डेबियन. फोल्डरचं नाव आपण बदलू शकतो, कोरलेली वाट नाही. तिथलं एक अक्षर हललं तर सही मोडते. तो बिचारा 'डेबियन' फोल्डर शोधत होता, आणि ते नव्हतंच.

फोल्डर 'कंदील' झालं कसं? कॅलामारेसच्या पोशाखाच्या फाइलमध्ये बूट मेनूत दिसायचं नाव द्यायची एक ओळ आहे. आम्ही ती पाटी समजून रंगवली होती. वेगळं काही सांगितलं नसेल तर कॅलामारेस त्याच नावावरून ईएफआयचं फोल्डर ठरवतो. बूटलोडरच्या मॉड्यूलमध्ये फोल्डरचं नाव वेगळं देता येतं. तिथे 'डेबियन' लिहिलं, इन्स्टॉल केलं, लॅपटॉप उठला.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. ग्रबच्या मांडणीत 'ग्रब-डिस्ट्रिब्युटर' नावाचं एक चल असतं. मेनूतल्या ओळीवर दिसणारं नाव त्यातून येतं, आणि कॅलामारेस तेही आपल्या पोशाखातून भरतो. ग्रबचं पॅकेज अपग्रेड होतं तेव्हा ते याच चलाचा पहिला शब्द घेतं, छोट्या अक्षरांत करतं आणि त्या नावाचं फोल्डर ईएफआयमध्ये आहे का बघतं. असेल तर बूटलोडर नव्यानं बसवतं, नसेल तर काही न बोलता पुढे जातं. म्हणजे मेनूत कंदील लिहिलं तर मशीन उठत राहील, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या तरी बूटलोडर मात्र जुनाच राहील. काळ्या पडद्यापेक्षा मला हे जास्त वाईट वाटतं. काळा पडदा निदान कळतो.

एकच चल, तीच पाटी आणि तीच किल्ली. हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. डेबियनच्या ग्रबमध्ये या जागी कुबुंटू दिसलं तर उबुंटू समज, देवुआन दिसलं तर डेबियन समज, असा हातानं लिहिलेला अपवाद आहे. हा उपाय काही बरा नाही, अशी कबुली त्या पॅचच्या टिपणीतच दिलेली आहे. आमच्या कंदीलसाठी कुणी अपवाद लिहिणार नव्हतं. तेव्हा ते चल डेबियनच राहू दिलं आणि इन्स्टॉल झालेल्या प्रणालीत बूट मेनू लपवून ठेवला. लाइव्ह आयएसओचा मेनू वेगळा, तो आपणच लिहितो, तिथे बिनधास्त कंदील.

भिंतीवरचं चित्र आणि बाकी

त्याच लॅपटॉपवर दुसरी गोष्ट दिसली. डेस्कटॉपवर आमचं चित्र नव्हतं, डेबियनचं होतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर रोज आमचंच दिसायचं.

एक्सएफसीई चित्राची नोंद पडद्याच्या नावासकट ठेवतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये पडद्याचं नाव 'व्हर्च्युअल-१', लॅपटॉपवर 'ईडीपी-१'. मुलानं व्हर्च्युअल मशीनमध्ये माउसनं चित्र निवडलं, तयार झालेली फाइल नव्या वापरकर्त्यांच्या साच्यात, म्हणजे 'स्केल' फोल्डरमध्ये ठेवली. ती नोंद जगातल्या फक्त व्हर्च्युअल पडद्यांना लागू होती. ज्या पडद्याची नोंदच नाही त्याला एक्सएफसीई मुळातलं ठरलेलं चित्र दाखवतं, आणि ते डेबियनच्या 'डेस्कटॉप-बेस' पॅकेजकडून येतं. पडद्यांच्या नावांची जंत्री करत बसण्यापेक्षा त्या ठरलेल्या जागेवरच, एका नावामागे कोणती फाइल ते ठरवणाऱ्या अल्टरनेटिव्ह यंत्रणेतून आमचं चित्र लावलं. मग पडद्याचं नाव काहीही असो.

बाकीचं भराभर सांगतो. प्लिमथची थीम ब्रँडिंग पॅकेजमधूनच ठरवली आणि तिथेच इनिटआरडी नव्यानं करून घेतली. लाइव्ह-बिल्ड ती स्वतः बाहेर काढतं, त्यामुळे दोन इनिटआरडींचा प्रश्न उरला नाही. कॅलामारेसच्या पोशाखाचं फोल्डर आणि त्याच्या फाइलीत लिहिलेलं घटकाचं नाव तंतोतंत सारखं लागतं, नाहीतर इन्स्टॉलर उघडतच नाही. हीसुद्धा किल्लीच. आयएसओचं लेबल ३२ अक्षरांच्या आत, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि बिनजागेचं ठेवलं. स्क्वॅशएफएस एक्सझेड या पद्धतीनं दाबली तर फाइल लहान होते पण उलगडायला वेळ खाते, झेडएसटीडीनं थोडी मोठी होते पण जुन्या मशीनवर फरक हाताला जाणवतो. आम्ही झेडएसटीडी घेतली. ती फाइल ४ जीआयबीच्या वर जाऊ दिली नाही, कारण फॅट३२ पेनड्राइव्हवर आयएसओतल्या फाइली नुसत्या कॉपी करणारे लोक असतातच, आणि फॅट३२ त्याहून मोठी फाइल घेत नाही.

नावाच्या हक्कांचं एक. डेबियनची दोन चिन्हं आहेत, एक कुणालाही वापरता येणारं आणि एक राखीव. आम्ही दोन्ही चिन्हं पाट्यांवरून काढली आणि 'डेबियनवर आधारित' असं 'विषयी'च्या खिडकीत स्पष्ट लिहिलं. ब्राउझरला मात्र हात लावला नाही. नाव आणि चिन्हाच्या अटींवरून खुद्द डेबियनला २००६ साली फायरफॉक्सचं आइसवीझल करावं लागलं होतं, आणि पुन्हा फायरफॉक्स म्हणायला २०१६ उजाडलं. शिवाय आयएसओ वाटायची म्हणजे आतल्या जीपीएल पॅकेजांचा सोर्सही देता आला पाहिजे. लाइव्ह-बिल्डला एक पर्याय दिला की बांधताना सोर्सचाही गठ्ठा तयार होतो. तो प्रत्येक आवृत्तीसोबत ठेवायचं ठरलं.

शेवटची आयएसओ जुन्या तारखेची बांधली, यूईएफआय लॅपटॉपवर बसवली, आजपर्यंत अपग्रेड केली. नाव टिकलं, चित्र टिकलं, येताना आणि जाताना चिन्ह एकच. ग्रबचं नवं पॅकेज आलं आणि 'डेबियन' फोल्डरमधल्या फाइलींच्या तारखा बदललेल्या दिसल्या. त्या तारखा बघून मला जे समाधान झालं ते लोगो बघून झालं नव्हतं.

दाखवायच्या दिवशी गटाच्या प्रमुख बाई स्वतः लॅपटॉपसमोर बसल्या. मशीन सुरू होताना त्यांनी सवयीनं एस्केप दाबलं आणि मेनू वर आला.

"हे काय, इथे डेबियनच दिसतंय की."

मुलानं ती टेक्स्ट फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. ग्रब-डिस्ट्रिब्युटरच्या ओळीपुढे त्यानं लिहिलं होतं: 'किल्ली. ग्रबच्या अपग्रेडची. हात लावू नये.' बाईंनी ती वाचली, वरखालच्या चार ओळीही वाचल्या.

"बरं. मग निदान हा मेनू लपवा तरी."

"मॅडम, लपवलेलाच आहे. तुम्ही एस्केप दाबलंत."